अठ्ठेचाळीस फेरे

“मास्तर, हातातलं काम ठेवा आणि टॉवरवर या. डॉक्टरांच्या विमानाची चाकं उतरत नाहीयेत.”

फोनवर कार्यशाळेच्या मुख्य इंजिनियर मॅडम होत्या. आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण त्यात ‘जरा’ नव्हतं. एरवी त्यांचं एकही वाक्य ‘जरा’शिवाय पुरं होत नसे. जरा बघा, जरा या, जरा सही करा. ‘जरा’ गळलं म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मास्तरांनी घासत असलेला प्लग फडक्यावर ठेवला आणि विचारलं, डॉक्टरांबरोबर आणखी कोण आहे?

“त्यांच्या आई आहेत,” मॅडम म्हणाल्या.

मास्तर हात न पुसताच निघाले.

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये एकतीस वर्षं विमानं दुरुस्त करणारा हा मेकॅनिक. हे नाव पडलं त्यांच्या मोजण्यावरून. डॉक्टरांचं विमान चार माणसांचं, एका इंजिनाचं. हवेत गेलं की ते आपली चाकं पोटात घेतं आणि उतरायच्या आधी बाहेर काढतं. हे काम विजेची एक मोटर करते. मोटर रुसली तर काय, म्हणून पुढच्या दोन सीटांच्या मागे, विमानाच्या तळात, एका झाकणाखाली हँडल असतं. ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवत राहायचं. पन्नासेक फेरे झाले की चाकं बाहेर येऊन घट्ट बसतात.

वर्षातून एकदा विमान जॅकवर उचलून हे हँडल फिरवून बघायचं असतं. बाकीचे मेकॅनिक ते फिरवत, हिरवे दिवे लागले की वहीत ‘तपासले, ठीक’ असं लिहून मोकळे होत. मास्तर आकडा लिहीत. प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा असतो आणि तो एकानं जरी बदलला तरी आत काहीतरी झिजतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांच्या विमानाचा आकडा अठ्ठेचाळीस. मास्तर आत ओणवे बसून पाढे म्हणावेत तसे मोठ्यानं मोजत, आणि बाहेर लोकांची करमणूक होई. चहातली साखर ढवळतानाही फेरे मोजता का, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. मास्तरांनी गंभीरपणे सांगितलं होतं, नऊ. त्या दिवसापासून क्लबात सगळेच चहा नऊदा ढवळायला लागले. मास्तर आपले खूश होते. माणसाला आपल्या कामात गोडी असावी आणि चार लोकांनी त्यावरून हसावं, यापेक्षा आयुष्याकडून त्यांनी फारसं काही मागितलं नव्हतं.

टॉवरच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या होत्या. त्या दिवशी मास्तरांनी त्या मोजल्या नाहीत.

त्यांना एक गोष्ट ठाऊक होती जी बाकी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती इथेच सांगून टाकलेली बरी. चार महिन्यांपासून त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्यावर जात नव्हता. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हात न चालणाऱ्या मेकॅनिकला हत्यारांच्या खोलीत बसवतात, तिथे दिवसभर लोकांना पाने आणि पेचकस काढून द्यायचे, घ्यायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि ती दोन वर्षं मास्तरांना विमानाच्या पोटाखाली काढायची होती, खिडकीमागे नाही. म्हणून ते मूग गिळून बसले.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांचं विमान वार्षिक तपासणीसाठी जॅकवर चढलं. मास्तर आत शिरले, झाकण उघडलं, हँडल फिरवायला लागले. एकोणिसाव्या फेऱ्याला खांद्यातून अशी कळ गेली की हात आपोआप गळून पडला. डावा हात लावून बघितला, पण त्या अडचणीच्या जागेत डाव्या हाताला वळताच येईना. मॅडम दहा पावलांवर उभ्या होत्या. हाक मारली असती तर त्या आल्या असत्या. मास्तरांनी हाक मारली नाही. मग त्यांनी हँडल मिटवलं, मोटर चालू केली, मोटरनं चाकं व्यवस्थित उतरवली, तिन्ही हिरवे दिवे लागले. आणि वहीत त्यांनी लिहिलं, अठ्ठेचाळीस.

एकतीस वर्षांतला हा पहिला खोटा आकडा. उद्या सकाळी लवकर येऊन उरलेले फेरे पुरे करू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याही आधी डॉक्टर आले आणि विमान घेऊन गेले. नंतर गोष्ट शिळी झाली. मास्तरांना जेवण जात होतं, झोप लागत होती, आणि झोप लागते याचीच त्यांना अधूनमधून लाज वाटत होती.

टॉवरच्या काचेच्या खोलीत मॅडम आणि टॉवरवर ड्यूटीला असलेला ऑपरेटर, असे दोघेच होते. मॅडमनी थोडक्यात सांगितलं. डॉक्टर आईला पहिल्यांदाच विमानातून फिरवायला घेऊन गेले होते. परत येताना चाकांचा खटका खाली केला, मोटर हललीच नाही. इंधन दीड तासाचं आहे, हवा स्वच्छ आहे, डॉक्टर मैदानाभोवती घिरट्या घालतायत. घाई नाही. अगदीच वेळ आली तर चाकांशिवाय पोटावर उतरता येतं आणि माणसं बहुतेक वाचतात. हे ‘बहुतेक’ जमिनीवर उभं राहून म्हणायला सोपं असतं, हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं.

मास्तरांनी माइक घेतला. डॉक्टर हा दातांचा डॉक्टर, पन्नाशीचा, सावध माणूस. मास्तरांनी त्यांना एकेक पायरी सांगितली. वेग कमी करा. खटका खालीच राहू द्या. मोटरच्या फ्यूजचं बटण बाहेर ओढा, नाहीतर मोटर मधेच जागी झाली तर हँडल हात मोडेल. आता मागे झाकण उघडा. डॉक्टरांनी एका हातानं विमान धरून दुसरा हात मागे घातला. पाच-सहा फेरे झाले असतील नसतील, विमानाचं नाक खाली गेलं आणि ते एका अंगावर कलायला लागलं. काचेतून खालून ते सगळं दिसत होतं.

“डॉक्टर, हँडल सोडा. तुम्ही विमान सांभाळा,” मास्तर म्हणाले. “हँडल आईंना द्या.”

आई मागच्या सीटवर होत्या. पुढच्या सीटसमोरचं ते स्टीअरिंग आपल्या गुडघ्यांसमोर आपोआप हलतं ते मला आवडत नाही, असं म्हणून त्या मुद्दाम मागे बसल्या होत्या. म्हणजे हँडल त्यांच्या पायांपाशीच होतं.

“मास्तर, तिला कसं जमणार? चौऱ्याहत्तर वर्षांची आहे ती.”

माइकचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण पाठोपाठ मागून एक खणखणीत आवाज आला. “वय सांगायची काही गरज होती का?”

ऑपरेटरनं तोंड वळवून हसू लपवलं. डॉक्टरांनी हातातला माइक मागे धरला आणि आईंनी टॉवरशी थेट बोलणी सुरू केली. कुठल्या बाजूला फिरवायचं ते त्यांनी विचारून घेतलं. एका शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवून त्यांनी परीक्षांचे पेपर काढले होते, आणि एकही प्रत कधी कमी पडू दिली नव्हती. तेव्हा हँडल फिरवणं आणि मोजणं या दोन्ही गोष्टी आपल्याला येतात, घाबरायचं तर मुलानं घाबरावं, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचे फेरे नेमके किती झाले ते मास्तरांनी विचारलं. सहा, डॉक्टर म्हणाले.

“सात,” आई म्हणाल्या.

माइकचं बटण दाबलेलं असेपर्यंत टॉवरला बोलता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं. तिघं ऐकत राहिले. आठ. नऊ. मधे दम घेतल्याचा आवाज. दहा. मास्तरांना तो आवाज आवडला. आकडा तोडून, स्वच्छ म्हणायची त्यांची पद्धत होती. सोळा, सतरा, अठरा. मास्तरांचा डावा हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट झाला. एकोणीस.

यापुढचं त्यांना माहीत नव्हतं.

वीस झाले. एकवीस झाले. मास्तरांना वाटलं, सुटलो. पंचवीस, सव्वीस. आणि आवाज थांबला. बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं.

“आई म्हणतेय हँडल अडकलं,” डॉक्टर बोलले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. “जोर लावू का म्हणतेय. मास्तर, जोर लावायचा का? तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही फिरवलं तेव्हा शेवटपर्यंत मोकळं होतं ना? वहीत अठ्ठेचाळीस लिहिलंय तुम्ही.”

हा प्रश्न अगदी बरोबर होता. शेवटपर्यंत मोकळं फिरलेलं असेल तर आता बाहेरून काहीतरी आडवं आलंय, ते शोधायचं. फिरलेलंच नसेल तर आतलं एखादं दातचक्र अडलं असू शकतं, आणि तिथे जोर लावला तर ते तुटून चाकं अर्धवट लोंबकळत राहतात. अर्धवट उतरलेली चाकं ही न उतरलेल्या चाकांपेक्षा वाईट. उत्तर एका शब्दाचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर वेळ मारून नेता आली असती आणि कदाचित काही बिघडलंही नसतं. टॉवरवर बोललेला शब्दन्‌शब्द टेपवर जातो, हे मास्तरांना ठाऊक होतं. शेजारी मॅडम उभ्या होत्या, त्यांना पहिला पाना हातात कसा धरायचा ते मास्तरांनीच शिकवलं होतं.

“नाही डॉक्टर,” मास्तर म्हणाले.

“पुन्हा सांगा.”

डॉक्टरांना ऐकू आलं नसेल किंवा आलं असेल. मास्तरांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. “मी एकोणीसच फेरे फिरवले होते. माझा खांदा चालत नव्हता. पुढचे एकोणतीस मी फिरवले नाहीत. वहीतला आकडा खोटा आहे. तेव्हा पुढचं मोकळं आहे की नाही, मला सांगता येणार नाही.”

ऑपरेटर समोरच्या कागदाकडे बघत बसला. वर विमान एक पुरी घिरटी घालून आलं तरी रेडिओ गप्प होता. मास्तरांच्या आयुष्यात एवढी मोठी घिरटी दुसरी नव्हती.

मग आईंचा आवाज आला. “बरं. मग उरलेले मी फिरवते. का अडकलंय, तेवढं सांगा.”

आता काम होतं. जोर मुळीच लावू नका, मास्तरांनी सांगितलं. हँडल आहे तिथेच धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मुळाशी नेऊन चाचपा. काही गुंडाळलं गेलंय का बघा.

“गालिचा आहे,” आई म्हणाल्या. “याच्या नव्या गालिच्याचं टोक आत गेलंय.”

आईच्या पायांना गार लागू नये म्हणून डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात विमानात हौसेनं गालिचा टाकून घेतला होता. मास्तरांनी आईंना एक फेरा मागे घ्यायला सांगितलं, मग टोक हळूहळू ओढून काढायला. त्यात पाच मिनिटं गेली. गालिचा किती चिवट आहे आणि तो कुणी निवडला, याबद्दल आईंनी मुलाला जे ऐकवलं तेही टेपवर गेलं. मग पुन्हा आकडे सुरू झाले. तीस. पस्तीस. चाळीसच्या पुढे त्यांना प्रत्येक आकड्यानंतर थांबावं लागत होतं. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

“एकोणपन्नास होत नाही,” आई म्हणाल्या.

“व्हायचा नाही,” मास्तर म्हणाले. “झालं आई. दिवे बघा.”

तिन्ही हिरवे लागले होते. डॉक्टरांनी एकदा टॉवरजवळून विमान नेलं, मॅडमनी दुर्बिणीतून तिन्ही चाकं बघितली, आणि दहा मिनिटांनी विमान नेहमीसारखं उतरलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

जिना उतरताना मॅडम मधल्या पायरीवर थांबल्या. “मला हाक का नाही मारलीत?”

“तुम्ही मला हत्यारांच्या खोलीत पाठवलं असतं.”

“पाठवलंच असतं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण शब्द त्यांनी मऊ केला नाही. मास्तरांना ते बरं वाटलं. माणूस आपण नीट तयार केला, असं त्यांना वाटलं.

हँगरमध्ये मास्तरांनी वही काढली. वहीतली चूक खोडून गिचमिड करायची नसते. जुनं वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ ओढायची, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. त्यांनी अठ्ठेचाळीसवर रेघ ओढली आणि एकोणीस लिहिले. डॉक्टर तिथेच येऊन उभे होते. आभार मानावेत की भांडावं हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, “तो आकडा बघूनच मी आईला विमानात बसवलं होतं, मास्तर.”

मास्तरांना जे काही ऐकून घ्यायचं होतं ते या एका वाक्यात आलं. त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांच्या आई शेजारच्या स्टुलावर बसून तळहाताला आलेला फोड बघत होत्या. खांदा कुणाला तरी दाखवा, एवढंच त्या मास्तरांना म्हणाल्या.

बिघाड निघाला मोटरला वीज पोचवणाऱ्या एका झिजलेल्या ब्रशमध्ये, नखाएवढा. गालिचाही तपासणीनंतरच आला होता. म्हणजे मास्तरांनी त्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फिरवले असते तरी जे झालं ते झालंच असतं. हे त्यांना बऱ्याच जणांनी समजावून सांगितलं. मास्तर मान डोलवत आणि त्यांना ते पटत नसे.

घरी बायकोला त्यांनी संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग ती चिडली, पण भलत्याच गोष्टीवर. “घरात मला सांगता आलं नाही, आणि रेडिओवर साऱ्या जगाला सांगितलंत? चार महिने उजवी बाही आधी घालताय, मला दिसत नाही का? म्हटलं सांगतील आपणहून.” त्यानंतर तिनं त्यांना उठवलं, शर्टाची बटणं काढली आणि आधी डावी, मग उजवी बाही अशी अलगद सोडवली. चार महिन्यांत पहिल्यांदाच शर्ट काढताना दुखलं नाही. मास्तर त्या रात्री लवकर झोपले आणि त्या झोपेची त्यांना लाज वाटली नाही.

चौकशी झाली. दीड महिन्यानं पत्र आलं. मास्तरांचा तपासणीच्या वहीत सही करायचा अधिकार काढून घेतला होता. नोकरी राहिली, सही गेली. पुन्हा अर्ज करता आला असता, पण त्यात जी दोन वर्षं जायची तेवढीच नोकरीची उरली होती. मॅडमनी त्यांना हत्यारांच्या खोलीतही पाठवलं नाही. खांद्याचे व्यायाम रोज करायचे या अटीवर हँगरमध्येच ठेवलं, आणि एक नवा नियम केला. हँडलची तपासणी यापुढे दोघांनी करायची. एकानं आत फिरवायचं, दुसऱ्यानं बाहेर उभं राहून चाकांवर नजर ठेवत मोजायचं.

पत्र आलं त्याच आठवड्यात क्लबचं पांढरं विमान जॅकवर चढलं. मॅडम बाह्या सरसावून आत शिरल्या, मास्तर चाकांसमोर उभे राहिले. अकरा वर्षं या विमानाचा आकडा एक्कावन्न होता. मास्तर मनात मोजत होते आणि चाकं इंचाइंचानं बाहेर येत होती. तेवढ्यात डॉक्टरांच्या आई हँगरच्या दारातून आल्या. मुलाचं विमान दुरुस्त झालं होतं, ते बघायला आलेल्या मुलाबरोबर त्या आल्या होत्या, आणि मास्तरांचा खांदा कसा आहे ते विचारायला आत आल्या होत्या. बरा आहे, मास्तर म्हणाले. हात कानापर्यंत नेऊन त्यांनी दाखवलाही. आईंनी तळहात पुढे करून फोड जिरल्याचं दाखवलं. दोघंही आपापल्या दुखण्यावर खूश होते.

चाकं खट्‌कन बसली. मॅडमनी घामेजला चेहरा दारातून बाहेर काढला. मांडीवर वही उघडी होती, हातात पेन होतं. “किती झाले, मास्तर?”

मास्तरांनी चाकांकडे बघितलं. चाकं अगदी नीट बसली होती.

“एक्कावन्न असणार,” ते म्हणाले. “पण मधे मी बोलत होतो. तिसाच्या पुढे माझं लक्ष उडालं. मला खात्री नाही.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि वही बाजूला ठेवली. आईही मागे सरकून उभ्या राहिल्या. मोटर गुरगुरली, चाकं पुन्हा विमानाच्या पोटात गेली, आणि आतून मॅडमचा दमलेला आवाज आला, “घ्या. एक.”